श्यामलाच्या परसातली तहान

गुरुवारी भर दुपारी विद्यानगरातल्या त्या परसात पाय ठेवायला जागा नसे. कॉलेजची मुलं, बँकेतले साहेब, डोक्यावर पदर ओढलेल्या बायका, सगळे घाम पुसत आणि कान टवकारून उभे. अप्पाजी, गावात नावाजलेले बाबा, हात वर करत. श्यामला तांब्या तिरका करी. पाणी मातीत जाई आणि क्षणभर काहीच होत नसे. मग खालून, अगदी स्पष्ट, आवाज येई. घट्-घट्-घट्. फार दिवसांचा तहानलेला माणूस घाईघाईने प्यावा तसा.

"केळिसितेनव्वा?" अप्पाजी हळूच विचारीत. "ऐकू आलं का? पितोय. तुझा प्रभंजन पितोय."

मी शेजारची, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेली बाई, पण पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू?

यंदा उन्हाळा आधीच येऊन बसला. होळी पेटायची होती अजून, आणि हुबळीत झळा सुरू झाल्या होत्या. नळाला पाणी आठवड्यातून एकदा. प्रभंजननं हौसेनं लावलेली हिरवळ, अबोली, पेरू, सगळं माना टाकू लागलं. त्यातही एकाच ठिकाणी गवत सगळ्यांत आधी पिवळं पडलं. माणसाएवढं लांब, माणसाएवढं रुंद, चारी कोपरे सरळ. थडगं हा शब्द कुणी उच्चारला नाही. सगळे नुसतं 'ती जागा' म्हणत आणि संध्याकाळी तिकडे जायचं टाळत.

श्यामलाचा नवरा प्रभंजन मागच्या वर्षी गेला होता. मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि डॉक्टरांनी पाणी अगदी तोडलं होतं. शेवटच्या दिवशी तो सारखा म्हणत होता, "श्यामी, घोटभर दे." तिनं कापसाचा बोळा ओठांना लावला, पाणी दिलं नाही. त्यातच तो गेला. ही गोष्ट तिनं रडत रडत सगळ्या गल्लीला सांगितली होती. तेव्हा ती अप्पाजींना कळायला अंतर्ज्ञान लागत नव्हतं. समोरच्या घरातली बोलघेवडी शालिनी पुरेशी होती.

अप्पाजी आले ते लोखंडी टोकाची काठी घेऊन. 'त्या जागे'भोवती काठी आपटत तीन फेऱ्या मारल्या, एके ठिकाणी थबकले, डोळे मिटले आणि काठी हातभर खुपसून बाहेर काढली. "हे त्याचं तोंड," म्हणाले. "देह जातो, घसा राहतो. एकशे आठ नाड्यांतली नव्व्याण्णवावी पाण्याची. ती उघडी राहिली की आत्मा घर सोडत नाही." नव्व्याण्णवावी नाडी कुणी मोजली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मग त्यांनी व्रत सांगितलं. रोज दुपारी त्याला पाणी पाजायचं, आणि त्याची तहान भागेपर्यंत बायकोनं सूर्य असेतो थेंबही घशाखाली उतरवायचा नाही.

इथं माझं डोकं फिरलं. श्यामलाला मुतखड्याचा जुना त्रास. 'पाणी प्या, सतत प्या' असं तिच्या डॉक्टरांनी बजावलेलं. आणि ही बाई त्या उन्हात कोरडी राहू लागली. ओठ फुटले, कंबर धरून चालू लागली, एकदा माझ्याच फाटकापाशी मटकन खाली बसली.

"हे व्रत तुझा जीव घेईल," मी म्हणाले.

"हेमाक्का, मी त्यांना घोटभर दिलं नाही," ती शांतपणे म्हणाली. "आता ते पितात, मी माझ्या कानांनी ऐकते. आणि तुम्ही मला पी म्हणताय, कसं पिऊ सांगा की."

चरफडत घरी आले आणि राग काढायला झारी उचलली. माझ्या वाफ्यातली कोथिंबीर एका टोकाला जळून गेली होती, बाकीची बरी होती. त्या टोकाखाली आमच्या सेप्टिक टँकची फरशी आहे. फरशीवर माती वीतभर, ओल धरणार कुठून? झारी हातात तशीच राहिली. श्यामलाच्या परसातल्या 'त्या जागे'च्या कडा सरळ का होत्या, ते आत्ता माझ्या डोक्यात शिरलं.

पुढच्या गुरुवारी मी एक कळशी घेऊन गेले. श्यामलानं साठवलेल्या पाण्यातूनच टब भरला आणि अप्पाजींचा हात वर जायच्या आत रिकामी कळशी पाण्यात दाबली.

घट्-घट्-घट्.

"हिच्या पोटात कुणाचा आत्मा आहे?" मी विचारलं. "अरुंद तोंडातून पाणी आत शिरतं, आतली हवा बाहेर यायला बघते, दोघांची ढकलाढकली होते. तिचा हा आवाज. या गवताखाली पोकळी आहे आणि पोकळीवर दगड आहे. अप्पाजी काठी आपटत फिरले ते पोकळ आवाज कुठे येतो ते ऐकायला. भोकही त्यांनीच पाडलंय."

"टीचर, ती जागा उकरली तर घरावर घाला पडेल," अप्पाजी म्हणाले. गर्दी दोन पावलं मागे सरकली.

"बाग तुझी, नवरा तुझा," मी श्यामलाला म्हणाले. "तू सांग."

तिनं तांब्या खाली ठेवला. भिंतीला टेकवलेली खुरपी घेतली आणि स्वतः माती ओढू लागली. वीतभरही गेली नसेल, खुरपी दगडावर खणकन वाजली. दोन शहाबादी फरश्या, त्यांच्या सांध्यात काठीएवढं भोक. बँकेतल्या साहेबांनी आणि मुलांनी पहार घालून एक फरशी उचलली. कुबट वास आला.

"मामंजींची टाकी," श्यामला पुटपुटली. "मी या घरात यायच्या आधीची, कुठं ते ठाऊकच नव्हतं. पुढं मोठी बांधली तेव्हा ही भरून टाकू दिली नव्हती म्हणे त्यांनी. पाण्याची जागा बुजवू नये म्हणून वर फरशी घालून माती लोटली."

मी मोबाइलचा उजेड आत टाकला. तळाशी पाणी होतं. तिनं रोज ओतलेलं, आपल्या तोंडचं काढून दिलेलं सगळं पाणी तिथं साचलं होतं आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. एक घोटही कुणी प्यालं नव्हतं.

अप्पाजींनी हात जोडले. "आत्मा तृप्त झाला, म्हणून दार उघडलं." दोनचार माना हलल्याही.

"मग हा प्रसाद आधी तुम्ही घ्या," मी म्हणाले आणि टाकीत बुडवून भरलेला तांब्या पुढे केला. त्यांनी काठी उचलली आणि निघाले. गर्दीही हिरमुसून पांगली.

श्यामला खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. "म्हणजे ते येत नव्हते."

"नाही."

"मला रोज दुपारी वाटायचं, आले."

मी जिंकायला आले होते, आणि त्या क्षणी मला माझ्या जिंकण्याचा तिटकारा आला. तिच्याशेजारी मातीतच बसले. "त्या दिवसांत तो मागेल तेवढं पाणी तू दिलं असतंस, तर ते छातीत साठलं असतं. तो गुदमरून गेला असता. तू त्याला छळलं नाहीस, सांभाळलंस."

तिला हुंदके फुटले, पण डोळ्यांत थेंब येईना. रडायलासुद्धा अंगात पाणी लागतं. मी पेला भरून तिच्या हातात दिला. तिनं तो ओठांपर्यंत नेला आणि पुन्हा खाली घेतला.

"रागावणार नाहीत ना?"

"रागवायला तो नाही गं. तू आहेस. पी."

ती प्याली. आधी भीत भीत, मग घटाघटा.

ज्यांच्या घरातलं कुणी नुकतंच गेलंय, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. रडा, आठवणी काढा, कुणी हसणार नाही. पण तुमचं दुःख ऐकून कुणी तुमच्याच जिवावर बेतणारं व्रत सांगू लागला, तर हात जोडायच्या आधी खुरपी हातात घ्या. गेलेल्याची तहान जित्या माणसानं कोरडं राहून भागत नसते.