लखनौची म्हणून नोंदलेली डहाळी

मी एक वाळलेली डहाळी. जाड पांढऱ्या कागदावर चार टाक्यांनी शिवलेली, लखनौच्या एका वनस्पतिसंग्रहातल्या लोखंडी कपाटात राहणारी. माझं झुडूप शेंगकुळातलं, अमेरिकेच्या गवताळ माळावरचं. १९५८च्या जुलैत एका संग्राहकाने त्याच्या पाच डहाळ्या कापल्या, वर्तमानपत्रांत दाबून वाळवल्या, पाचही जणींना ३१७ हा एकच क्रमांक दिला आणि पाच संग्रहांना पाठवलं. वनस्पती जपणाऱ्या संग्रहांत अशी देवाणघेवाण चालते. मी बोटीने इथे आले.

माझ्या चिठ्ठीवर गावाचं नाव होतं. तो भाग कसरीने खाल्ला. क्रमांक, तारीख आणि संग्राहकाची आद्याक्षरं उरली; शेजारी या संग्रहाचा शिक्का, त्यात ‘लखनौ’. बारा वर्षांपूर्वी इथे काम करणाऱ्या लतिकाताई नोंदी संगणकात भरत होत्या. ‘कुठे सापडली’ या रकान्यात त्यांनी शिक्क्यावरचंच नाव घातलं आणि तशी छापील चिठ्ठी माझ्याखाली चिकटवली. त्या दिवशी त्यांच्यापुढे दोनशे कागद होते.

ती नोंद वाचून अद्वैत हा संशोधक विद्यार्थी आला. लखनौतल्याच मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला. मराठी समजतं, उत्तर हिंदीत. “मतलब ये यहाँ जंगली उगती थी, ताई!” त्याने प्रबंधाचं एक प्रकरण माझ्यावर उभं केलं. तीन पावसाळे तेलीबागेपलीकडची पडीक जमीन धुंडाळली. मी तिथे नव्हतेच.

यंदा मार्चमध्ये, प्रबंध द्यायला महिना उरला असताना, त्याने परदेशी संग्रहांच्या नोंदींत ३१७ शोधला. माझी एक बहीण सापडली. तीच तारीख, तीच आद्याक्षरं, चिठ्ठी शाबूत. नेब्रास्का, अमेरिका.

“पूरा चैप्टर गया, ताई.”

लतिकाताईंनी वाकून संगणकाच्या पडद्यावरची नोंद वाचली. “अरे देवा, हे मीच भरलंय. माझ्यामुळे तीन वर्षं ऊन खाल्लंस रे.”

“धूप कम, मच्छर ज़्यादा.”

दोघेही हसले नाहीत.

“तुझ्या मार्गदर्शक सरांना काय सांगणार? अजून कुणाला माहीत नाहीये हे.”

“हम दोनों को तो है ना.”

ताईंनी नवी चिठ्ठी लिहिली: नेब्रास्का, आधीची नोंद चुकीची, खाली सही आणि तारीख.

“पुरानी वाली हटा दूँ?” त्याने विचारलं.

“इथे कुणाचीच चिठ्ठी काढत नाहीत. माझीही नाही.”

अद्वैतने ते प्रकरण काढून टाकलं. प्रबंध एक वर्ष लांबला.

मी पुन्हा कपाटात आहे. कधी मला बाहेर काढलंत, तर कागद आडवा धरा, माझी पानं झडतात. आणि सगळ्या चिठ्ठ्या वाचा. त्यातल्या छापील चिठ्ठीवर विश्वास ठेवून एक माणूस तीन पावसाळे चालला आहे.