आनंदा दोनदा परत गेला

माझा दीर आनंदा सासरच्या कोन गावाहून मला न्यायला दोनदा आला आणि दोन्ही वेळा एकटाच परत गेला. पहिल्यांदा आईनं अवसेचं निमित्त पुढे केलं. दुसऱ्यांदा म्हणाली, बाळाला खोकला झालाय, वाटेत वारा लागेल. बाळ तेव्हा ओटीवर पडून मजेत पाय झाडत होतं. आनंदानं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चहा प्यायला आणि गेला.

मला वाटलं, मिठागराचे बांध दुरुस्त करायचे दिवस आहेत, आईला हात हवेत. हे माझं तिसरं बाळंतपण. थोरल्याला अजून चौथं लागायचं होतं, मधली धड बोलत नव्हती. ह्या खेपेला उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तरी काम उरकलं तर लवकर सोडतील म्हणून मी चिखल तुडवायला गेले. आईनं मला बांधावरून हाकलून घरी पाठवलं. मग हिला मी हवी तरी कशाला, ते काही कळेना.

त्याच आठवड्यात दवाखान्याची नर्सबाई आमच्या करंजाड्यात आली. विहिरीवर तिनं बायकांना, पोर राहू नये म्हणून आत बसवतात त्या लूपचं सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शेजारची सखूबाई म्हणाली, तो आत गेला की छातीपर्यंत चढतो. मी हसले नाही. बाई निघाल्यावर तिच्या मागोमाग वेशीपर्यंत गेले. ती म्हणाली, नवऱ्याशी बोल आणि सोमवारी पनवेलला ये. ह्यांच्याशी बोलणं झालंच होतं. बाळाला बघायला आले होते तेव्हा माझा हात हातात घेऊन म्हणाले होते, आता थोडं थांबू या. कसं थांबायचं ते मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पण अंगावरचं बाळ टाकून आईच्या नकळत पनवेलला जाणार कशी? म्हणून दुपारी दोघी सुकट निवडायला बसलो तेव्हा मी मान खाली घालूनच सांगून टाकलं.

आईचा हात थांबला. मग ती हसली.

"त्याची काय गरज? मी ठेवलीय ना तुला."

मला कळलं नाही. तेव्हा तिनं समजावलं. लेक माहेरी असली की पोर राहत नाही. तिच्या आईनं तिला अशीच ठेवली होती. माझं बाळ चालायला लागेपर्यंत ती मला पाठवणारच नव्हती. पुढची कारणंही जुळवून ठेवली होती: शिमगा, मग मिठाची रास, मग पावसानं भरलेली वाट. मी इतके दिवस तिच्यावर फुगून बसले होते आणि ही माझ्यासाठीच माणसं परत लावत होती. मला भरून आलं. तरीही जे म्हणायचं होतं ते म्हणावंच लागलं.

"पण मना जायचंय गो."

"कशाला? सासूची बोलणी खायाला?"

"सासूकडं नाय." माझे कान तापले. "पोर नको मना. पण हे पायजेत."

आई माझ्याकडे बघतच राहिली.

"आईशी असं बोलायला लाज नाय वाटत?"

"वाटते. म्हणून तर सुकटीकडं बघून बोलते."

ती निवडलेली सुकट पुन्हा निवडत राहिली. मग हळूच म्हणाली, "दोन वर्सांनी घरी गेली मी. तुझ्या बापाला माझ्याशी काय बोलावं तेच आठवंना. म्हशीचं इचारलं त्यानं."

आम्ही दोघी हसलो, पण तिचं हसू लवकर संपलं. मग तिनं मला खोदून खोदून विचारलं. दुखेल का, नको झाला तर काढतात का, आणि सखूबाई म्हणते ते खरं का. नर्सबाईनं सांगितलं तेवढं मी सांगितलं. तिची खात्री पटली असं काही दिसलं नाही.

सोमवारी सकाळी मात्र तीच आधी लुगडं बदलून तयार. सखूबाईनं हटकलं, तर म्हणाली, बाळाला टोचायचंय. दवाखान्यात बाळाला खांद्यावर घेऊन ती दाराबाहेर उभी राहिली. नर्सबाईला तिनं पुन्हा तेच सगळं विचारलं, छातीचंसुद्धा. बाई न हसता उत्तरं देत होती ती मला आतून ऐकू येत होती.

परत येताना ओटीपोटात कळ आली आणि मी वाटेकडेच्या दगडावर टेकले. आई माझ्यापुढे उन्हाला आड येऊन उभी राहिली. चार दिवस पडून राहा, म्हणाली, मग कोनला निरोप धाडते.

"आणि तिकडं गेल्यावर दुखलं, नायतर अंगावरून लय गेलं," तिनं बाळाचं टोपरं सारखं केलं, "तर सासूला नाय सांगायचं. मना सांगायचं. मी येईन."

मी मान हलवली. कळ ओसरेपर्यंत ती तशीच उभी राहिली.