चार बोटांवर थांबलेली मूठ

मित्रांनो, मी कराटेचा एक जुना पोशाख आहे. पत्र्याच्या पेटीत तळाशी पडून असतो. माझी उजवी बाही दवाखान्यात कात्रीने कापलेली आहे. ती का कापावी लागली ते सांगतो. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर उठून जा.

माझा जन्म पालमच्या बाजारात झाला. बायनाबाईने मांजरपाट घेतलं आणि शिंप्यापुढे टाकलं. शिंप्याने जन्मात कराटे पाहिलं नव्हतं. त्याने सवयीने छातीवर खिसाही लावला. क्लासातली पोरं हसली. "मुंज्या, खिशात बिडी ठेवतूस का रे?"

मुंजाजी हा बायनाबाईचा एकुलता एक पोरगा. त्याला हसू आलं नाही. अठ्ठ्याहत्तर साली लहान असताना त्याने वस्तीतली घरं जळताना पाहिली होती. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, एवढंच वस्तीने मागितलं होतं. म्हणून जाळली. पुन्हा कोणी आलं तर आपण उभं राहायचं, यासाठी तो शिकत होता.

क्लासचे दिनकर सर कडक. ठोसा पूर्ण जोरात मारायचा, पण समोरच्याच्या नाकापुढे चार बोटांवर थांबवायचा, हा त्यांचा नियम. "अंगाला लागला की बाद!" समोरचाही आधी वाकून नमस्कार करायचा. मग समोरूनच यायचा, एकटाच यायचा. मुंजाजीची मूठ अशी थांबायची की सर म्हणायचे, "बघा रे, ह्याला म्हणतात ताबा." सव्वीस जानेवारीला त्याने सगळ्यांपुढे कौलं फोडली. टाळ्या पडल्या. त्या दिवसांत बायनाबाई मला नीळ देऊन धुवायची.

मग एके सकाळी गावच्या शाळेच्या भिंतीवर निळी अक्षरं दिसली. नामांतर झालंच पाहिजे. मुंजाजीनेच लिहिली होती आणि त्याने ते लपवलंही नाही. दुपारी गावचे बडे शेतकरी किशनराव वस्तीच्या तोंडाशी आले. आवाज चढवला नाही.

"बायने, पोराला सांग, सांजच्या आत पुसून टाक म्हणावं. मग मला बोल लावायचा न्हाई."

मुंजाजी पुसायला तयार नव्हता. तो पालमला क्लासला निघाला तेव्हा बायनाबाई दारात आडवी आली.

"आज परत येऊ नको रं. पालमलाच मामाकडं ऱ्हाय."

"मी कामून लपू, माय? मला कराटे येतंय."

"ते काय एक-एक करून येणार हायेत का तुज्यापुढं?"

तो हसला आणि गेला.

सांजच्या एसटीत गावची माणसं होती. एकानेही त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. मी त्याच्या अंगात होतो. घामाने मी गार पडत चाललो होतो.

फाट्यावर लिंबाखाली किशनरावांचा पुतण्या भुजंग उभा होता, हातात काठी.

"आला का कराट्या! हे काय घातलंस रे? मढ्याचं कापड?"

तुरीतून आणखी माणसं निघाली. हातांत कुऱ्हाडीचे दांडे. वाकून नमस्कार कोणी केला नाही.

भुजंगने काठी उगारली. मुंजाजी चपळाईने आत घुसला आणि त्याने ठोसा मारला. बसला असता तर भुजंगचं नाक फुटलं असतं. पण मूठ चार बोटांवर थांबली. अंगाला जे शिकवलं तेच अंगाने केलं. भुजंगने डोळे मिटले होते. ते उघडले. आपण साबूत आहोत हे पाहून तो खदाखदा हसला.

"आरं मार की! लाजायलास का?"

आणि मागून दांडा बसला. खांद्यावर. मग हातावर. मग कुठेही.

वाचवलं ते बायनाबाईने. वस्तीतल्या बाया घेऊन ती आधीच फाट्याकडे निघाली होती. बोंब ठोकत, हातात खुरपी आणि दगड घेऊन त्या धावत आल्या. एसटी पालमला परतायला अजून वळत होती. बाया तिच्यापुढे उभ्या राहिल्या. "डायवरदादा, लेकराला घ्या, न्हाईतर आमच्या अंगावरून न्या गाडी!" एवढ्या डोळ्यांपुढे दांडे खाली आले. दवाखान्यात मोडलेल्या हातावरून माझी बाही कापूनच काढावी लागली. मुंजाजी जगला. उजवा हात मात्र पुन्हा वर गेला नाही.

मित्रांनो, कराटे खोटं आहे का? नाही. पण क्लासात मारणारा नियम पाळतो. भुजंगला कराटे येत नव्हतं. त्याला गरजच नव्हती, त्याच्यामागे गाव होतं. मुंजाजीच्या मागे त्या वेळी फक्त मी होतो, आणि मी कापड आहे.

चौऱ्याण्णव साली विद्यापीठाच्या नावाला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं. मुंजाजीने बातमी ऐकली आणि डाव्या हाताने रेडिओचा आवाज वाढवला.

मला जपू नका. जपायचं तर एकमेकांना जपा. ठोसा शिका, पण बसणारा शिका. ओरडायची लाज धरू नका, पळायचीही नाही. माय जाऊ नको म्हणाली तर माझ्या भरवशावर जाऊ नका.

मुंजाजीला मारलं त्या दिवसापासून सांजच्या एसटीला वस्तीतल्या बाया फाट्यावर उभ्या राहतात. कोणाचं पोर उतरणार आहे, हे विचारत नाहीत. तुम्हीही जाऊन उभे राहा. लिंबाखाली भुजंग अजून असतो.