ड्रायव्हरचं ताट

माय मागचं दार उघडून गाडीत बसली. सर्जेरावकाकांनी तिच्यासाठी पुढचं, डावीकडचं दार उघडून धरलं होतं. ते तसंच हातात धरून काका उभे राहिले.

“वैनी, पुढं बसा ना. तुमची जागा हाय ती.”

“आता तुमची गाडी हाय, भाऊ. आमी पॅशिंजर.”

“आसं काहून बोलता?”

“पॅशिंजरला मागंच बसवतेत. तुमच्या दोस्ताचाच नियम हाय. चला आता, इला भूक लागली.”

मला भूक लागली नव्हती. काकांनी पुढचं दार आवाज न करता लावलं आणि भावसिंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतून गाडी बाहेर काढली. पांढरी इनोव्हा. गेल्या वर्षापर्यंत ती आबांची होती. आबा गेल्यावर मायनं ती त्यांच्या स्टँडवरच्या दोस्ताला, सर्जेरावकाकांना दिली. परक्याच्या हातात स्टिअरिंग नको, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आबा, म्हणजे माझे वडील कडुबा, टुरिस्ट गाडीचे ड्रायव्हर होते. विमानतळाच्या दारात नावाची पाटी धरून उभं राहायचं, पाहुणे घ्यायचे, त्यांना वेरूळ-अजिंठा दाखवून पुन्हा विमानाला सोडायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. तुम्ही तर लेणी किती वेळा पाहिली असतील, असं लोक त्यांना विचारत. ते म्हणत, “म्या पार्किंग पाह्यली.” यात तक्रार नसे. माहिती द्यावी तसं ते सांगत. शहरातल्या हॉटेलांचंही तसंच. कुठल्या हॉटेलाबाहेर दुपारची सावली कुठं सरकते आणि स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या बाजूला उघडते, हे त्यांना माहीत असे. आत काय आहे ते माहीत नसे. जुन्या हॉटेलांत मागच्या अंगाला ड्रायव्हर लोकांसाठी एक खोली असायची, तिथं डाळ-भात-पोळी मिळायची. आबा तिथंही जात नसत. त्यांच्याजवळ मायनं दिलेला डबा असे. लहानपणी त्यांच्यासोबत एक-दोनदा गेले होते, तेव्हा त्यांना जेवताना पाहिलेलं आठवतं. गाडी सावलीत, आपल्याच सीटवर बसलेले, दार उघडं, एक पाय बाहेर जमिनीवर आणि मांडीवर डबा.

माय त्यांच्यासाठी थांबायची. विमान उशिरा येवो, अजिंठ्याच्या घाटात ट्रक आडवा होवो, ते घरी आल्याशिवाय ती जेवत नसे. ते आले की दोघं जमिनीवर समोरासमोर ताटं घेऊन बसत. कुणाला किती ऊन लागलं, कोणत्या पाहुण्यानं काय विचारलं, सगळं त्या ताटावर निघायचं.

ते गेल्यापासून ती ताटावर बसलेली मी पाहिली नाही. ओट्यापाशी उभ्यानं भाकरीचा तुकडा मोडते, पाणी पिते, ओटा पुसून घेते. फोनवर जेवलीस का विचारलं की म्हणते, “झालं महं.” काल आबांचा पहिला स्मृतिदिन झाला. भन्तेजी आले, वंदना झाली, नातेवाईक जेवून गेले. पांढऱ्या साडीत माय पंगतीतून वाढत फिरत होती. “माय, आता बस,” म्हटलं की, “तुमी बसा, म्या बसते,” म्हणायची. भांडी घासून झाली तरी ती बसली नव्हती.

उद्या मला पुण्याला, ग्रंथालयातल्या नोकरीवर परत जायचं होतं. त्याआधी तिला एकदा, माझ्यासमोर, बसून पोटभर जेवताना पाहायचं होतं. मला दुसरं काही नको होतं.

म्हणून आम्ही शेंगदाण्याच्या हॉटेलात निघालो होतो. हे नाव आबांनी ठेवलेलं. खरं नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही. चिकलठाण्याला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये वैजापूरकडच्या नवरा-बायकोनं ते काढलं आहे. नवरा इंडोनेशियात, बालीला, एका फ्रेंच हॉटेलच्या स्वयंपाकघरात बरीच वर्षं राबून आलेला. तिकडचे वाटणाचे मसाले आणि फ्रेंचांचं लोणी, मलई, पाव यांची तो सांगड घालतो. परदेशी पाहुणे खूश होतात म्हणून आबा त्यांना तिथं न्यायचे आणि घरी आल्यावर मायला सांगायचे, “शेंगदाण्याचं कालवण करतेत तिथं. बाहेर वास आला की वाटतं, आत तूच हाय. तुला नेणार हाय एकदा.”

“शेंगदाणे खायला चिकलठाण्याला?” माय म्हणायची. “घरी काय कमी पडलेत?”

पण ती नाही म्हणत नसे. एवढं मला ऐकून ऐकून कळलेलं होतं.

सर्जेरावकाकांनी गाडी आवारातल्या कडुलिंबाखाली लावली. “कडूभाऊ हितंच लावायचा,” ते आरशात पाहत म्हणाले.

“काका, तुम्हीही चला ना आत.”

“नाय पोरी. म्या खाऊन निघालो. गाडीपाशी कुनीतरी पाह्यजे.”

आबांचंही हेच वाक्य होतं.

आत पत्र्याचं छत तसंच उंच ठेवलेलं होतं आणि सामान उचलायचा जुना लोखंडी गर्डर वरून आडवा गेलेला होता. रविवारची दुपार, टेबलं जवळजवळ भरलेली. आम्हाला आवाराकडच्या काचेजवळचं टेबल मिळालं. माय काचेकडे पाठ करून बसली. बसली म्हणजे खुर्चीच्या कडेवर टेकली, पर्स मांडीवर घट्ट धरून. गिऱ्हाइकांकडे मालकीणबाई स्वतःच पाहत होत्या. माझ्याच वयाच्या, मोनिका नावाच्या. सूप त्यांनीच आणलं.

“काय हाय हे?” मायनं विचारलं.

“कांद्याचं सूप, काकू. फ्रेंच पद्धतीचं, वर पाव ठेवून. पण आमचे हे यात नारळाचं दूध आणि गवती चहा घालतात. कांदा आमच्या वैजापूरचाच.”

“गवती चहा सर्दीला करतेत. कांद्याला कशाची सर्दी झाली?”

मोनिका मोकळेपणी हसली. शेजारच्या टेबलावरच्या दोघी वळून पाहू लागल्या. मलाही बरं वाटलं. मग उकडलेल्या भाज्या आल्या, काडीला लावून भाजलेलं चिकन आलं, पाव आला आणि मधोमध वाटीत ते कालवण. खरंच घरच्यासारखा वास होता. मायनं बोट बुडवून चाखलं.

“गोड हाय. ठेच्याबिगर काय मजा?”

“थांबा, साम्बाल देते,” म्हणत मोनिकानं लाल मिरचीची एक लहानशी वाटी पुढं सरकवली. मायनं तेही बोटावर घेतलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण चेहरा उजळला.

“हां. हा ठेचाच हाय. इमानात बसून आलेला.”

मी तिच्या पानात भाज्या वाढल्या, चिकनच्या काड्या ठेवल्या, कालवण आणि थोडं साम्बाल घातलं. पाव तिच्या हातात दिला. तिनं तो घेतला, पानाच्या कडेला ठेवला आणि मान वळवून काचेबाहेर पाहिलं. आल्यापासून ती असं कितीतरी वेळा वळली होती.

“माय, खा ना.”

“खाते.” मग ती मोनिकाकडे वळली. “ड्रायव्हरचं ताट कुठं लावता तुमी?”

“ड्रायव्हरचं?”

“बाहेर मानूस हाय आमचा.”

“आमच्याकडं तशी वेगळी सोय नाही हो, काकू. त्यांना आतच बोलवा ना. नाहीतर मी पार्सल करून देते.”

“पार्सल नको. डब्यात, पुडक्यात खाल्लं की मानूस घाईनं उरकतो. ताट द्या.”

“देते की. पण खरं सांगू का, ड्रायव्हर लोक आत येतच नाहीत.” मोनिका टेबलावरचे पेले सारखे करत बोलत होती. “एक काका यायचे. पांढरी गाडी, गळ्यात रुमाल. फॉरेनर घेऊन यायचे आणि स्वतः त्या लिंबाखाली काचा पुसत उभे राहायचे. आमच्या ह्यांना म्हणाले होते, तुमच्या कालवणाचा वास लई आवडतो. ह्यांनी किती वेळा बोलावलं, वास आवडतो तर चव तरी घ्या. नाही आले. म्हणायचे, घरून डबा आलाय. भरलेला परत नेला तर घरी तोंड पाडून बसतील. आता बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत.”

माय तिच्याकडे बघत राहिली.

“म्या कवा तोंड पाडलं?” ती म्हणाली.

“काय, काकू?”

मी तोंड उघडलं. मायनं टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

“काय नाय. ताट लावा तुमी.”

मोनिका गेली. माय पर्सच्या बंदाशी चाळा करत होती. थोड्या वेळानं माझ्याकडे न पाहता म्हणाली, “परत आला आसता डबा, तर गाईला घातलं आसतं. त्याला काय लागतं?”

“त्यांना तुझाच डबा आवडायचा, माय.”

“रोज पिठलं. कवा वांगं. आवडतंय काय त्यात?” ती पुन्हा वळली. बाहेर सर्जेरावकाका गाडीच्या पुढच्या काचेवरून पिवळं फडकं फिरवत होते. “त्यायला सांगायला पाह्यजे होतं म्या. जा, खा म्हून. पन मला काय ठावं, कोन बोलावतंय आन् कोन नाय.”

मोनिकानं मोठं पांढरं ताट नीट भरून आणलं. माय उठली. तिनं ते एका हातात घेतलं, आणि मग दुसऱ्या हातानं आपलंही ताट उचललं.

“माय, तू बस. मी देऊन येते त्यांना.”

“तू जेव. तुझं गार व्हईल.”

“आणि तू?”

“आले म्या.”

मोनिकानं पुढं होऊन तिला दार उघडून दिलं.

काचेतून आवाज येत नव्हता. तिला पाहून काका घाईनं पुढं आले, दोन्ही हात हलवून नको नको म्हणाले, छातीला हात लावला, मग ताट घेतलं. बॉनेटवर पिवळं फडकं अंथरून त्यावर ठेवलं. माय आपलं ताट घेऊन शेजारी उभी राहिली. मला वाटलं, इथंही ती उभ्यानंच दोन घास खाणार आणि रिकाम्या हातानं परत येणार. काका काहीतरी बोलले. तिनं मान हलवली. मग ती वळसा घालून या बाजूला आली, डाव्या हातानं पुढचं दार उघडलं आणि आपल्या जागेवर बसली.

ती पूर्ण आत सरून, पाठ टेकून बसली. दार उघडंच ठेवलं, एक पाय बाहेर जमिनीवर आणि मांडीवर ताट. पाव मोडून तिनं कालवणात बुडवला.

तिच्या पलीकडे स्टिअरिंग दिसत होतं. काका तिकडे फिरकले नाहीत. बॉनेटशी, गाडीकडे पाठ करून, उभ्यानंच जेवत राहिले. ती सावकाश खात होती. साम्बाल लागल्यावर हाताच्या पाठीनं डोळे पुसत होती. एकदा स्टिअरिंगच्या दिशेला वळून काहीतरी बोलल्यासारखी वाटली. काकांनी मागं पाहिलं नाही.

शेजारच्या टेबलावर आणखी माणसं आली होती. मोनिका माझ्याजवळ वाकली.

“काकू येतायत ना? नाहीतर ही खुर्ची जरा तिकडं नेऊ का?”

“न्या,” मी म्हणाले. “त्यांचं जेवण तिकडंच चाललंय.”

खुर्ची गेल्यावर समोरची काच मोकळी झाली. मी सूप पुढं ओढलं. गार झालं होतं, वरचा पाव भिजून फुगला होता. माय ताट पुसून खाईपर्यंत मीही हळूहळू ते संपवलं.