खालच्या अंगाचं पाणी

"पुन्हा थांबलं का हो, आई?"

सरस्वती केस विंचरता विंचरताच बाथरूमकडे धावली. कपडे धुवायचं मशीन मुकाट उभं होतं. आतलं साबणाचं पाणी निघून गेलेलं, आणि तळाशी सासूबाईंचं हिरवं लुगडं गोळा होऊन पडलेलं. भिमाबाई शेजारी ओल्या पायांनी उभ्या होत्या.

"माजा हात पन लागला नाय," त्या म्हणाल्या. तसं कुणी विचारलंही नव्हतं.

नळ तेवढ्यात फुसफुसून बंद झाला. वाशीच्या त्या वसाहतीत पाणी सकाळी थोडा वेळ यायचं आणि पाहुण्यासारखं घाईत निघून जायचं. सरस्वतीने लुगडं उचलून बादलीत आपटलं. दुपारी दवाखान्यात ड्यूटी, मुलीची शाळा, वर हे सोंग.

दिलीपने, तिच्या नवऱ्याने, मस्कतहून सुट्टीवर येताना हे मशीन आणलं होतं. आईच्या हातांना आराम पडावा म्हणून. शेजारणी बघायला आल्या, झाकण उघडून आत डोकावल्या, पोटात दुखलं तरी छान म्हणून गेल्या. दिलीप परत गेला आणि मशीनने रंग दाखवायला सुरुवात केली. आधीचे कपडे बिनबोभाट धुवायचं आणि शेवटाला आलं की मध्येच बसायचं.

सरस्वतीला या मशीनने पछाडलं होतं. पाणी कमी, म्हणून तिने एक पद्धत बसवली होती: एकदाच पाणी भरायचं, त्यात आधी आपला पांढरा युनिफॉर्म, मग मुलीचे कपडे आणि सगळ्यात शेवटी सासूबाईंचं लुगडं. हिशेब चोख होता, मग बिघडतं काय? वॉर्डात इंजेक्शन भरतानाही डोक्यात तेच. पट्टा गेला? मोटर तापते? रात्रपाळीची सिस्टर म्हणाली, लोड जास्त होत असेल. शेजारचे क्लार्क म्हणाले, व्होल्टेज. सरस्वतीने कपडे कमी केले, विजेचा खटका बदलून घेतला. मशीन बसायचं ते बसायचंच. त्यात भिमाबाईंनी वेगळाच घोर लावला होता. "मला गावाला सोड," रोज एकदा तरी. गावच्या घरात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. त्या गेल्या तर तिकडे त्यांना आणि इकडे मुलीला बघणार कोण?

शेवटी तिने गोटीरामला बोलावलं. हा सानपाडा गावातला. पूर्वी मिठागरावरचे पंप दुरुस्त करायचा, आता नव्या वसाहतीतलं जे बंद पडेल ते. त्याने मागचा पत्रा काढला, मशीन तीनदा पूर्ण फिरवलं, आणि ते एकदाही थांबलं नाही.

"मशीन बेस हाय, ताई. पट्टा बेस, मोटर बेस." त्याने चहाचा कप खाली ठेवला. "तुमच्या घरान कोन खटका फिरवतं, ते बगा."

तो गेला. भिमाबाई उठल्या आणि खाटेखालची पिशवी काढून त्यात कपडे भरू लागल्या.

सरस्वतीचा तोल सुटला. "मशीन आवडत नव्हतं तर सांगायचं होतं ना तोंडाने! मी काय काय करून बसले! वेड लागायची पाळी आली मला."

"मशीनीचा मला काय राग?" भिमाबाईंचे हात थांबले नाहीत. "मशीन चांगलीच हाय. पन माजं लुगडं तू रोज शेवटाला टाकतेस."

"त्याचा रंग जातो म्हणून, आई!"

"आसंल. गावाला वहाळावर वरच्या अंगाला गावातल्या बायका धुवायच्या. आमच्या गावकुसाबाहेरच्या वाडीनं खालच्या अंगाला. समद्यांचा मळ वाहून आला की त्या पान्यात आमचं लुगडं. किती खळबळलं तरी वास जायचा नाय. म्हातारी झाले, हितं आले, म्हनलं आता नळाचं पानी." त्यांनी पिशवीची गाठ मारली. "तर तू पन मला खालीच उभी केलीस. मी मशीन बंद करायची, पानी सोडून द्यायची, आन् तू गेलीस की बादलीत भरून ठेवलेल्या पान्यात धुवायची."

सरस्वती मुंबईच्या चाळीत वाढलेली, नळावरची भांडणं तेवढी तिला ठाऊक. वहाळाच्या गोष्टी तिने समाजाच्या सभांमधून ऐकल्या होत्या, टाळ्याही वाजवल्या होत्या. आणि आपल्याच बाथरूममध्ये आपण हे करत होतो? तिला शरम वाटली, इतकी की सासूकडे बघवेना.

"मला कळलं नाही हो, आई," एवढंच ती म्हणाली. भिमाबाईंनी पिशवी सोडली नाही, पण उचललीही नाही.

दुसऱ्या दिवशी नळ आल्याबरोबर सरस्वतीने मशीन भरलं. ताज्या पाण्यात एकटं हिरवं लुगडं टाकलं. भिमाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मशीन कुठेही न अडता पूर्ण फिरलं. लुगडं निघालं, पाणी हिरवट झालं, आणि नळ गेला. सरस्वतीने त्याच पाण्यात आपला पांढरा युनिफॉर्म टाकला.

"अगं येडे, रंग लागंल!"

"लागू दे."

भिमाबाई लगबगीने पुढे झाल्या, खटका फिरवून मशीन बंद केलं आणि युनिफॉर्म ओढून काढला. पिंपातलं प्यायचं पाणी तांब्यातांब्याने ओतत त्या तो चोळत बसल्या. तरी कॉलरपाशी फिकट हिरवी छटा राहिलीच.

वॉर्डात मेट्रनने तिकडे बोट दाखवलं. "सिस्टर, हे काय?"

"सासूबाईंचं लुगडं," सरस्वती म्हणाली आणि थर्मामीटर झटकत पुढच्या खाटेकडे गेली.