खोलीतला दुसरा माणूस

वेदश्री आणि तिचा मोठा भाऊ संतोष, दोघांनीही एकाच विद्यापीठात ऑनलाइन बी.कॉम.ला नाव घातलं होतं. ती देशपांडे नगरात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करून कमरीपेठेतल्या घरी यायची आणि जेवण उरकून अभ्यासाला बसायची. संतोषनं वर्षभर पुस्तक उघडलं नाही. घरूनच कॅमेऱ्यापुढं द्यायची परीक्षा तोंडावर आली तसा तो तिच्या मागं लागला.

"कॅमेऱ्यापुढं मी बसतो. तू आडोशाला बसून उत्तरं सांग."

"शिकवते म्हणशील तर आत्ता शिकवते, अण्णा. पेपरात सांगणार नाही."

"सगळे करतात गं!"

"करू देत."

परीक्षेच्या दिवशी सकाळी त्याचा पेपर कोराच गेला. दुपारी तिचा होता. निम्मा लिहून झाला असेल, तोच दाराची कडी उखडली. संतोषनं तिची वेणी मुठीत पिळून तिला मागं ओढलं.

"लई खरी लागून गेलीस!"

त्यानं तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, पुन्हा आपटलं. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. लॅपटॉप जमिनीवर उपडा पडला. ती खाली कोसळली तशी पोटात लाथ बसली. चाचपडताना तिच्या हाताला इस्त्री लागली. गार होती, पण जड होती. दुसरी लाथ येण्याआधी तिनं ती त्याच्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं.

"साकु! साकु!" असं कन्नडात 'पुरे, पुरे' ओरडत त्यांची आई अनुसया मधे पडली, तेव्हा कुठं ते थांबलं.

भुवईला टाके पडले. ते निघायच्या आत विद्यापीठाचा मेल आला: खोलीत दुसरी व्यक्ती दिसल्यानं पेपर रद्द, खुलासा करावा.

"इन्व्हर्टर बघायला भाऊ आलता, असं लिही," आई म्हणाली. "घरातलं घरात राहू दे."

"खोटं नको म्हणून तर मार खाल्ला, आई."

चौकशी व्हिडिओवर झाली. समितीतल्या बाईंनी विचारलं, "ती व्यक्ती मदतीला आली होती का?"

"नाही. मारायला."

तिनं सगळं सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, "मीही मारलं. त्याचं मनगट मोडलंय."

"ते आम्हाला दिसलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"कॅमेरा पडला होता. म्हणून सांगितलं."

पेपर पुन्हा द्यायची परवानगी मिळाली. त्याच आठवड्यात पोलिसांत तक्रार देऊन ती केलगेरीला हिराबाई मावशीकडं राहायला गेली. संतोषनंही तिच्यावर उलट तक्रार केली. तिनं ती नाकारली नाही.

एका दुपारी आईचा फोन आला. "त्याला भात कालवता येईना गं. मी भरवते. तक्रार मागं घे की."

"भरव त्याला," वेदश्री म्हणाली. "तक्रार आहे तशी राहू दे."

पलीकडून आई रडायला लागली. तिचं रडणं संपेपर्यंत वेदश्रीनं फोन कानाला धरून ठेवला.