बर्फाविना चौदा महिने

मित्रांनो, मी स्केटिंगच्या बुटांची एक जुनी जोडी आहे. इटलीतल्या एका लहानशा कारखान्यात मला शिवले. माझ्या तळाला पोलादी पाती बसवली आणि खोक्यात घालून मला आयर्लंडमध्ये डब्लिनला धाडले. तिथल्या सँडीफोर्ड भागातल्या एका फ्लॅटमध्ये बारा वर्षांच्या रेवाने ते खोके उघडले, आणि दोन्ही पाय एकदमच आत घालायला गेली.

तिचे आईबाबा, कौमुदी आणि प्रताप, नोकरीसाठी पुण्याहून आलेले. दोघांनी लहानपणी बर्फ पाहिला तो गोळ्याच्या गाडीवरच! पण लेकीला बर्फावर घसरण्याचे वेड लागले होते. जवळपास पाणी गोठवून केलेली बारमाही रिंक नव्हती. म्हणून दर शनिवारी प्रताप तिला दोन तास गाडी चालवून सीमेपलीकडे, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टजवळ नेई. तिथे मॉयराबाई तिला शिकवत. सुरुवातीला मी रेवाच्या घोट्यांना खूप चावले. मग हळूहळू तिच्या पायांचा आकार मला कळला, आणि हवेत दोन गिरक्या घेऊन ती माझ्या एका पात्यावर अलगद उतरू लागली. मॉयराबाई कौतुकात कंजूष, पण त्या दिवशी त्यांनी टाळी वाजवली.

हंगेरीतल्या एका नदीकाठच्या शहरात दरवर्षी मुलामुलींची आंतरराष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धा भरते. मार्च २०२० च्या यादीत रेवाचे नाव होते. बॅग भरून झाली. निघायला पाच दिवस उरले असताना ईमेल आला : साथीमुळे स्पर्धा रद्द. रेवाने तो तीनदा वाचला आणि मला तशीच, ओल्या पात्यांवर प्लास्टिकची आवरणे चढवलेली, कपाटात ढकलून दिली.

मित्रांनो, तिथून माझी तगमग सुरू झाली. बाहेर रिंक बंद, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी. आवरणात साचलेल्या पाण्याने माझ्या पात्यांवर गंज चढला. रेवाचीही तीच गत. ती खोलीत फेऱ्या मारी, गालिच्यावर उड्या मारी. मग खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन, धपधप थांबवा, असे सांगून जात. कधी दुपारी शाळेचा ऑनलाइन तास चालू असतानाच ती मला टेबलाखाली पायांत चढवून बसे. दर खेपेला तिची बोटे थोडी अधिक पुढे येत. तिचे पाय वाढत होते, आणि मला वाढता येत नव्हते.

२०२१ च्या मे महिन्यात रिंक उघडली. हंगेरीहून कळले, यंदा स्पर्धा नोव्हेंबरमध्ये. वयोगटाच्या नियमाने रेवाला त्या गटातली ती शेवटचीच संधी. प्रतापने माझा गंज घासून पाती धारेला लावून आणली. रेवाने दात आवळून नाड्या बांधल्या. कौमुदीने विचारले, बूट लागत तर नाहीत ना? "आय'म ग्रँड, आई," ती म्हणाली; म्हणजे तिकडच्या बोलीत, मी अगदी ठीक आहे. मला मात्र तिची वाकलेली बोटे जाणवत होती. बोलता आले असते, तर मी तेव्हाच ओरडले असते.

ऑक्टोबरात कौमुदीला कपडे धुवायला टाकताना मोज्यांवर रक्त दिसले. तिने रेवाला समोर बसवले.

"हे कधीपासून?"

"जूनपासून." एरवी इंग्रजीत उत्तर देणारी रेवा मराठीत बोलली. "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, राहू दे या वर्षी."

प्रताप तेच म्हणणार होता. पण कौमुदीने मॉयराबाईंना फोन लावला. बाई आधी रेवाला रागावल्या, मग म्हणाल्या की नवे बूट घ्या, आठवडाभर जखमा भरू द्या. नवे बूट पायांत बसायला वेळ लागतो, तेव्हा हवेतल्या दोन गिरक्यांची ती दुहेरी उडी मात्र यंदा सोडावी लागेल. रेवा दोन दिवस खोलीचे दार लावून बसली. तिसऱ्या दिवशी ती बाबांबरोबर बूट मापायला गेली.

हंगेरीला जाताना तिने मलाही गुपचूप बॅगेत घातले. स्पर्धेच्या दिवशी सरावात नव्या बुटांनी तिला दोनदा पाडले. कपडे बदलण्याच्या खोलीत येऊन तिने मला बाहेर काढले. उजव्या पायावर नाडी बांधली. तिच्या अंगठ्याची ठसठस मला जाणवत होती. मला घालून रेवा ती दुहेरी उडी नक्की मारू शकली असती, आणि खरे सांगते, मलाही तेच हवे होते. इतका काळ अंधारात काढून मला एकदा त्या बर्फावर जायचे होते.

कौमुदी दारात उभी होती. ती रागावली नाही. "ठरव तू," एवढेच म्हणाली.

रेवाने नाडी सोडली.

मी बाकाखाली पडून तिचे संगीत ऐकले. मध्येच प्रेक्षकांचा 'अरेरे' असा सूर आला, म्हणजे ती पडली असावी; पण संगीत शेवटपर्यंत चालले आणि टाळ्याही झाल्या. चोवीस जणींत ती सतरावी आली. परतली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण ती लंगडत नव्हती.

आता बेलफास्टजवळच्या त्याच रिंकवर नऊ वर्षांची एक मुलगी मला वापरते. तिला मी अजून थोडी सैल होते.

मित्रांनो, बर्फावरून आलात की आमची पाती कोरडी करा, आवरणात ओली कोंडू नका. आणि बूट लागत असेल तर घरात सांगा. आम्ही तुमच्या पायांना रोज भेटतो, सगळे जाणतो, पण तुमच्या आईला ते सांगायला आम्हांला तोंड नाही.